पहिल्या कादंबरीचे पहिले वाचक : मत विचारू नका, वाचनाचा हिशेब मागा

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला की बहुतेक नवे लेखक फाइल वीस जणांना एकदम पाठवतात आणि खाली लिहितात, 'वाच आणि कशी वाटली ते अगदी प्रामाणिकपणे सांग.' तिथेच गाडी रुळावरून घसरते. ज्याने तुमच्या घरी गणपतीत मोदक खाल्लेत, तो 'ऐंशीव्या पानानंतर कंटाळा आला' असं तोंडावर म्हणणार नाही. तो 'छान जमलीय' म्हणेल आणि विषय बदलेल. ज्याला संकोच नाही तो परीक्षक होऊन बसेल आणि कादंबरी कशी असावी यावर अर्धा तास बोलेल. तुमच्या पानांचं काय झालं हे दोघांकडूनही कळत नाही.

म्हणून मत विचारूच नका. वाचताना काय काय घडलं ते विचारा. कुठे थांबलात, कुठे पानं चाळलीत, कोण कुणाचा कोण हे कुठे विसरलात. याची उत्तरं द्यायला धीटपणा लागत नाही आणि ती ऐकताना तुम्हालाही निकाल लागल्यासारखं वाटत नाही.

सोयीसाठी एक कादंबरी धरून चालू. ठाण्यात वागळे इस्टेटमधली एक कंपनी बंद पडते, किसननगरमध्ये राहणारं एका कामगाराचं कुटुंब विस्कटतं, धाकटा मुलगा खाडीपलीकडे नवी मुंबईत कामाला लागतो. काळ १९८५ ते २००५.

वाचक निवडताना

पाच-सहा जण पुरे, आणि तेही दोन फेऱ्यांत. तुमची गोष्ट पहिल्यांदाच वाचणारा माणूस एकदाच मिळतो. दुसऱ्या वाचनात त्याला पुढचं ठाऊक असतं, त्यामुळे गोंधळ नेमका कुठे होतो हे त्याच्याकडून कळायचं नाही. तिघांना आता द्या, तिघांना पुनर्लेखनानंतरसाठी राखून ठेवा.

पहिल्या तिघांत एक जण भरपूर कादंबऱ्या वाचणारा हवा. एकाला त्या कादंबरीतलं जग आतून माहीत हवं. आपल्या उदाहरणात एखादे निवृत्त कामगार काका, ज्यांनी टाळं लागलेलं गेट पाहिलंय. आणि एक जण असा हवा जो तुमच्या घरी जेवायला येत नाही. हा तिसरा मिळणं सगळ्यात अवघड. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. अशा वाचनालयात नेमाने कादंबऱ्या बदलून नेणाऱ्यांशी ओळख काढा. वाशीत साहित्य मंदिराच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर संपल्यावर मंचाकडे धावण्याऐवजी प्रेक्षकांत बसलेल्यांशी बोला. मान्यवरांना हस्तलिखित देण्याचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडे आधीच ढीग असतो, आणि त्यांच्या एका वाक्याचं वजन नव्या लेखकाला झेपत नाही. मग तो बाकीच्यांचं ऐकेनासा होतो.

'कोणी चोरलं तर?' हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन झालं की हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो, आणि पुढच्या कामाला लागा.

फाइल देताना

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, असू द्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते, आणि वाचक ते तुम्हाला कळवतही नाही. पीडीएफ करून पाठवा, पानांवर आकडे घाला. वर्ड फाइलची पानं प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळी पडतात, मग एकाचं पान ८० दुसऱ्याचं ९३ होतं आणि पुढचं सगळं काम बिघडतं. साठीपुढच्या वाचकांना छापील प्रत द्या: ए-फोर, एका बाजूला छपाई, उजवीकडे रुंद समास, स्पायरल बाइंडिंग. साधारण ६०,००० शब्दांची कादंबरी मोकळ्या ओळींत दोनशेच्या आसपास पानं भरते. झेरॉक्सवाल्याला पैसे द्यावे लागतात, पण पेन्सिलीच्या खुणा मिळतात. त्या मोबाइलवर मिळत नाहीत.

मुदत चार-पाच आठवड्यांची. गणपतीच्या तोंडावर देऊ नका, अर्धं ठाणं कोकणात असतं. घरात दहावी-बारावी असेल तर त्या घराला फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास देऊ नका.

आणि फाइलबरोबर एक ओळ जरूर लिहा: 'शुद्धलेखन बघू नका, ते शेवटी एकदम होणार आहे.' ही ओळ नसेल तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चारशे दुरुस्त्या येतील आणि नायकाबद्दल एक शब्द येणार नाही. मराठी वाचकाला चुकीची वेलांटी दिसली की त्याच्यातला मास्तर जागा होतो. त्यात त्याचा दोष नाही. काय शोधायचं ते सांगितलं नाही, म्हणून तो सापडेल ते शोधतो.

प्रश्न कोणते

प्रश्न वाचनाआधी देऊ नका, नाहीतर वाचक परीक्षेला बसल्यासारखा वाचेल. एवढंच सांगा, की जिथे वाचन थांबेल तिथे पानाचा आकडा टिपून ठेवा.

ही छोटी सूचना फार कामाची आहे. ठाण्याहून वाशीला लोकलने अर्धा तास धरा. मध्यम आकाराचं एक प्रकरण त्यात बसतं. वाचक म्हणाला, 'ऐरोलीला उघडलं, घणसोलीला बंद केलं आणि तुर्भ्यापर्यंत रील्स बघितल्या,' तर त्याने तुम्हाला समीक्षेच्या दोन पानांपेक्षा जास्त दिलं. गर्दीमुळे बंद केलं की कंटाळून, एवढं फक्त विचारून घ्या.

वाचून झाल्यावर विचारायच्या गोष्टी साधारण अशा. पहिल्यांदा खाली कुठे ठेवलीत? पुन्हा हातात घ्यायला किती दिवस गेले? कुठली पानं भरभर उलटलीत? कुठल्या पात्राचं नाव आल्यावर 'हा कोण' म्हणून मागे जावं लागलं? कुठे वाटलं की असं कोणी बोलत नाही, असं कोणी वागत नाही? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: न बघता मला गोष्ट सांगा. वाचक गोष्ट सांगताना जे वगळतो ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. तुम्ही ज्या प्रसंगावर महिना घालवलात तो त्याच्या सांगण्यात आलाच नाही, तर चहा संपेपर्यंत शांत बसा आणि घरी जाऊन तो प्रसंग पुन्हा वाचा.

'आवडली का?' हे कधीही विचारू नका.

'छान आहे' म्हणजे काय

तरीही काही जण गोड बोलूनच सुटतात. आपल्याकडे नकार सरळ देत नाहीत, तो कशात तरी गुंडाळून देतात. ते उलगडायची सवय करावी लागते.

'भाषा ओघवती आहे.' बहुतेकदा याचा अर्थ, भाषेपलीकडे काही आठवत नाही. यावर विचारा, 'कुठला प्रसंग ओघात वाचला गेला?' एक जरी प्रसंग नेमका सांगितला तर स्तुती खरी. नाहीतर 'धन्यवाद' म्हणून पुढे चला.

'मध्ये जरा संथ होते.' ही खरी तक्रार आहे, फक्त 'जरा' हा शब्द सौजन्याचा. मध्ये म्हणजे कुठून कुठे, ते पानांत विचारा.

'यावर मस्त वेब सिरीज होईल.' बोलणाऱ्याला प्रसंग दिसले, पण माणसांच्या मनात शिरता आलं नाही, असं असू शकतं. नसूही शकतं; हल्ली हे लोक सवयीनेही म्हणतात. मुलगा घर सोडतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, असं विचारून पाहा.

'तुला इतकं सुचतं तरी कसं!' हे कादंबरीबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. आनंद मानावा, वहीत लिहू नये.

'अजून वाचतोय.' दोन महिन्यांनीही हेच उत्तर आलं तर तो माणूस वाचत नाहीये, आणि तेच त्याचं उत्तर आहे. रागावू नका, पाठपुरावा करून त्याला ओशाळवाणं करू नका. 'राहू दे, फक्त कुठल्या पानापर्यंत आलास ते सांग' असं हलकेच विचारा. न संपवणाऱ्या तिघांपैकी दोघे चाळिसाव्या पानाच्या आसपास अडकले असतील, तर तुम्हाला फुकटात मोठी गोष्ट कळली.

अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो. फाइल एआयला देऊन त्यातून आलेले दहा मुद्दे नीटनेटके पाठवून दिले जातात. ते मुद्दे चुकीचेच असतील असं नाही, पण त्यात कोणी ऐरोलीला उघडून घणसोलीला बंद केलेलं नसतं.

समोर बसून ऐकताना

तिघांना एकत्र बोलावू नका. एकत्र बसलं की वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला आधी बोलतो आणि बाकीचे 'सरांनी सांगितलंच आहे' म्हणून माना डोलावतात. एकेकाला भेटा. तलावपाळीचा कट्टा, वाशीचा मिनी सीशोर, कुठलंही कमी आवाजाचं ठिकाण चालेल. घरी नको, तुमची आई पोहे घेऊन आली की वाचकाची धार बोथट होते.

वही न्या. मोबाइलवर टाइप करत बसलात तर समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष नाही. आणि तुमच्याकडून तीनच वाक्यं आली पाहिजेत: 'कुठल्या पानावर?', 'तेव्हा काय वाटलं?', 'अजून?'

सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. वाचक म्हणतो, बाप मुलाशी इतका तुटक का वागतो ते कळलं नाही. तुमच्या जिभेवर येतं, 'अहो, ते पुढे अठराव्या प्रकरणात येतं ना, त्याला स्वतःचीच लाज वाटत असते.' बोलू नका. तुम्ही समजावलंत की तो 'अच्छा, मग ठीक आहे' म्हणेल, तुम्हाला समाधान मिळेल आणि पान होतं तसंच राहील. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार.

रात्री अकराला लांबलचक व्हॉइस नोट आली तर तेव्हाच उत्तर देऊ नका. 'ऐकली, खूप बारकाईने वाचलंस, सविस्तर मग बोलू,' एवढं पुरे. लागेल, झोप उडेल, त्या वाचकाला कादंबरीतलं काय कळतं असंही वाटेल. आठवडाभर फाइल उघडू नका. रागाच्या भरात केलेलं पुनर्लेखन वाचकाशी भांडण्यासाठी केलेलं असतं आणि ते पानावर दिसतं.

चार रकाने

आठवड्याने एक मोठा कागद घ्या, चार रकाने आखा: पान, कोण म्हणालं, त्याला काय झालं, त्याने काय सुचवलं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं हेच या कामाचं मर्म. वाचकाला काय झालं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, तिथे वाद नाही. पण उपाय सुचवताना तो तुमच्या खुर्चीत येऊन बसतो, आणि कादंबरीचं पुढचं-मागचं त्याच्या हातात नसतं.

आपल्या कादंबरीचंच बघू. वाचनालयातल्या बाई म्हणतात, सात ते नऊ ही प्रकरणं रेंगाळतात, कापून टाका. कामगार काका म्हणतात, आई फार रडते, तिला कमी करा. तिसरा म्हणतो, मुलगा घर सोडतो ते पटत नाही, त्याला एखादी मैत्रीण द्या म्हणजे कारण मिळेल. तीन सूचना तीन दिशांना. तिन्ही ऐकल्या तर कादंबरीचा भुगा होईल आणि एकही ऐकली नाही तर अहंकारी ठराल, असं वाटतं.

आता सुचवलेला रकाना हाताने झाका आणि पानांचे आकडे बघा. तिघांची तक्रार ९० ते १२५ या पानांतली आहे. मग त्याच्या थोडं मागे जा. सहाव्या प्रकरणात कंपनीला टाळं लागतं, पण ते तुम्ही एका परिच्छेदात सांगून मोकळे झालात. बाप त्या संध्याकाळी डबा घेऊन घरी येतो, तो प्रसंग लिहिलेलाच नाही. काय गेलं हे वाचकाने पाहिलं नाही, म्हणून आईचं रडणं त्याला जास्त वाटतं, मुलाचं जाणं पटत नाही आणि तीन प्रकरणं रेंगाळतात. तिघांनाही खरंच काहीतरी झालं होतं आणि तिघांचेही उपाय चुकीचे होते. तिथे कापायचं काहीच नव्हतं. उलट सहा पानं लिहायची राहिली होती.

असं प्रत्येक वेळी जुळून येत नाही. कधी दुखणं आणि जागा एकच असते, पान खरोखर फालतू असतं आणि उडवावं लागतं. पण तक्रारींचा घोळका दिसला की आधी पंधरा-वीस पानं मागे वाचायची सवय ठेवा.

एकट्यानेच केलेली तक्रार असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: लिहिताना तुम्हालाही तिथे खुपत होतं का? खुपत होतं तर दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघू नका. एकाला तेच पान फार आवडलं आणि दुसऱ्याला अजिबात नाही, तर मी ते सहसा तसंच ठेवायला सांगेन. त्या पानात निदान जीव आहे.

लगेच दुरुस्त करायचं ते

तपशिलाच्या चुकांसाठी आठवडा थांबायची गरज नाही. १९८५ मध्ये तुमचा नायक वाशीला लोकलने उतरत असेल, तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कुठलाही जुना माणूस पुस्तक मिटून ठेवेल. मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली ती १९९२ मध्ये. त्याआधी खाडीपुलावरून बसने. ठाण्याहून थेट लोकल सुरू झाली ती त्याहून पुढे, २००४ मध्ये. तसंच नवी मुंबईसाठी सिडको या सरकारी कंपनीने जमिनी घेतल्या, त्याविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनाच्या दिवसांत एखादं पात्र साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर (घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या भूखंडावर) घर बांधताना दाखवलंत तर चूक आहे, ती योजना १९९० ची. वाचकाने काढलेली चूक मात्र तपासून घ्या, आठवणीसुद्धा दोन-चार वर्षं इकडेतिकडे सरकतात.

बोलीचंही असंच. घणसोली गावातला म्हातारा तुमच्या कादंबरीत बोलत असेल, तर ते संवाद आगरी घरातल्या माणसाकडून वाचून घ्याच, मोठ्याने. नुसता ण चा न केला की आगरी होत नाही. शब्दांची ठेवण, शिवी कुठे मायेची आणि कुठे खरी, हे बाहेरच्याला ऐकू येत नाही. यात वाचकाचा शब्द अंतिम माना. शिवाय त्या घरांनी सिडकोच्या भूसंपादनात जमिनी घालवल्यात. 'आमच्याकडे हे असं झालं नव्हतं' असं कोणी म्हणालं तर वही मिटून नुसतं ऐका, तिथे कादंबरीपेक्षा मोठं काही सांगितलं जात असतं.

घरचे

घरचे लोक कादंबरी वाचत नाहीत, स्वतःला शोधतात. 'ही आत्याच ना?' हा फोन येणार हे धरून चाला. त्यावर 'सगळं काल्पनिक आहे' असं ठासून सांगू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. विचारा, की नेमकं काय लागलं. बहुतेकदा एखादा तपशील असतो, माहेरचं गाव, हातावरचा डाग. तो बदलला तर कादंबरीचं काही बिघडत नाही आणि आत्याचं मन राखलं जातं. पण खऱ्या माणसाची खरी, झाकलेली गोष्ट ओळखू येईल अशी लिहिली असेल तर प्रकरण नाजूक आहे. 'पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ छापल्याने सगळं निभावत नाही. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. शंका असेल तर प्रकाशकाकडे जाण्याआधी वकिलाला दाखवा.

घरच्यांचा अभिप्राय वाचनाच्या कागदावर लिहू नका. त्याचा कागद वेगळा.

सोडून द्यायचं ते

'शेवट गोड कर.' 'आजकाल लोकांना थ्रिलर लागतं.' 'मी असतो तर आजोबांच्या नजरेतून लिहिली असती.' या सूचना दुसऱ्या पुस्तकाबद्दलच्या आहेत. नम्रपणे ऐका, वाद घालू नका, कागदावर चढवू नका. अपवाद एकच: शेवट गोड कर म्हणणाऱ्याला विचारा, की तो दुःखी आहे म्हणून नको, की अचानक आला म्हणून नको? दुसरं उत्तर आलं तर ती तक्रार खरी आहे.

पुनर्लेखन आणि दुसरी फेरी

जुनी फाइल तारीख घालून बाजूला ठेवा, तिच्यावरच काम करू नका. आधी मोठी कामं: राहिलेले प्रसंग, प्रकरणांचा क्रम, नको असलेली पात्रं. मग संवाद. वाक्यं घासूनपुसून घ्यायची ती सर्वात शेवटी, कारण आज सजवलेला परिच्छेद उद्या उडवावा लागू शकतो आणि सजवल्यावर हात चालत नाही. पुस्तकं की पुस्तके, निवेदनात कुठलं रूप ठेवायचं, तेही याच टप्प्यावर ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

मग राखून ठेवलेल्या तिघांना द्या. पहिल्या तिघांना काय खटकलं होतं ते यांना सांगू नका. ९० ते १२५ ही पानं यांनी न थांबता वाचली तर दुरुस्ती लागू पडली. नव्या तक्रारी येतील. त्या विखुरलेल्या असतील, एकमेकींच्या विरुद्ध असतील किंवा शब्दांपुरत्या उरल्या असतील, तर वाचकांचं काम झालं. आता संपादक आणि मुद्रितशोधक. तिसरी, चौथी फेरी करत राहणारे लेखक मला माहीत आहेत. त्यांना बहुतेकदा सुधारणा नको असते, परवानगी हवी असते, आणि ती कोणीच देत नाही.

सहाही जणांना काय बदललं ते दोन ओळींत कळवा. ज्यांची सूचना घेतली नाही त्यांना कारणं देत बसू नका, 'तुम्ही थांबलात ते पान मी पुन्हा लिहिलं' एवढं सांगा. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी विचारा. काहींना आवडत नाही, आणि कामगार काकांना कदाचित त्यांच्याबरोबर गेटवर बसलेल्या दुसऱ्या कोणाचं नाव घालायचं असेल.